उशिरा आलेलं शिखर

दूध आधी नासवायचं.
थेंब थेंब आम्ल, पीएच चार पॉइंट सहावर
पांढरं सगळं खाली बसतं आणि वर उरते
निवळी, हिरवट-पिवळी, कुणी न विचारलेली.
आई ती कणकेत ओतायची.
मी ती गाळून इवल्या कुपीत भरते,
झाकणावर लिहिते : सतरा.

तिसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडे आमची लॅब,
खाली कुंद्याचं दुकान.
दिवसभर आटत्या दुधाचा वास जिन्याने वर येतो.
बाटलीवरची चिठ्ठी कन्नडात : एम्मे हालू.
रजिस्टरात मी उतरवते : म्हशीचं दूध.
साहेबांना अहवाल इंग्रजीत लागतो.
दुधाला तिन्ही वेळा तेवढाच फेस.

नळी काचेची,
आतलं भोक केसाहून बारीक,
दोन्ही टोकं बफरच्या बाटल्यांत बुडालेली.
पंचवीस हजार व्होल्ट सोडले
की आतलं पाणीच चालू लागतं,
सौंदत्तीला निघालेल्या ट्रॅक्टरसारखं,
चढले तेवढ्या सगळ्यांना घेऊन.
पण ज्याच्या अंगावर ऋण जास्त
त्याला मागचं टोक ओढत असतं.
जातो तोही पुढेच,
फक्त मागे बघत बघत,
आणि सगळ्यांच्या शेवटी उतरतो.

एवढंच.
एवढ्यावर माझा पगार.

पडद्यावर आधी लहानसं शिखर, अल्फा.
मग बीटा, थोराड.
बीटाचे प्रकार दोन, ए आणि बी.
दोघांच्या माळेत एकशे बासष्ट मणी,
त्यातले दोनच वेगळे,
आणि त्या दोनांतल्या एकापायी एका ऋणाचा फरक.
म्हणून बी आधी पोचतो, ए नंतर.
बाराखडी शिकवायला या नळीत कुणी बसलेलं नाही.
म्हशीच्या दुधात बी एकटा येतो.
त्याच्यामागून ए आला
की समजायचं, कुठेतरी गाय आहे.

सतरा नंबर लावला आणि दहाव्या मिनिटाला लाइट गेली.
यूपीएस टिवटिवला, तगला.
मी उगाच नळीवर हात धरून उभी,
जणू वारा लागेल.
बी आला.
मी पेनाचं टोपण लावलं.
आणि मग, रेषा सपाट होता होता,
एक बारीक उंचवटा,
चादरीखाली पाय हलावा तसा.

पुन्हा लावला. पुन्हा तोच, तिथेच.
लिहिलं : गाईचा अंश, अंदाजे आठ टक्के.
खाली सही, भारती मुतगेकर.
बाकी काही लिहायला रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी सत्यव्वा आली कडोलीहून,
पहिल्या बसनं, पदराला भुशाची कुसळं.
खुर्चीवर बसली नाही.
"होय की, घातलं तांब्याभर.
धाकटी म्हैस आटली गं, आणि रतीब बारा घरांचा.
शेजारच्या निंगाप्पाची गाय, त्याच्याकडनं घेतलं.
पाणी नाही घातलं, देवाशपथ."
मग मशीनकडे मान वळवून,
"पण ह्याला कसं कळलं?
चवीनं तर माझ्या सासऱ्यालाबी कळलं नाही."

मी सांगितलं जमेल तसं,
सगळी एकाच वाटेनं येतात मावशी,
गाईचं तेवढं उशिरा आलं.

ती बघत राहिली कागदावरच्या उंचवट्याकडे.
बोटाने चाचपला, टेंगूळ चाचपावं तसा.
"उशिरा आलं म्हणून धरलंसा व्हय?"
आणि हसली, दात नसलेल्या बाजूने,
"असं असेल तर आमच्या गावची बस रोज चोर की."

ती जिना उतरेपर्यंत मी गप्प.
मग नळी धुतली,
कॉस्टिक तीन मिनिटं, पाणी तीन मिनिटं, बफर तीन.
खालून कुंद्याचा वास.
अठरा नंबर लावला.
त्याच्या चिठ्ठीवर शाई पसरली होती,
भाषा कुठली ते लागत नव्हतं.